फोटोची पाठ

बिलोलीला आमच्या आजोळी माळवदाच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. वर तांब्याची भांडी, मध्ये जमिनीचे जुने कागद आणि तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले फोटो. माळवद उतरवायचं ठरलं तेव्हा ट्रंक अंगणात आली आणि फडक्यातून एकशे सत्तर फोटो निघाले. पहिल्या दिवशी ते या हातातून त्या हातात फिरले. पोरांनी मोबाइलवर त्यांचे फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकले. आठवड्याभराने कुणाला विचारलं, तर त्यातला एकही फोटो त्याला सापडेना. तेव्हा मी ठरवलं की याचं पुस्तक करायचं, आणि संगणकावर पान लावण्यापासून बाइंडरकडे देण्यापर्यंत स्वतः करायचं. त्या कामात जे शिकलो ते या प्रकरणात सांगतो आहे.

सुरुवात संगणकापासून होत नाही. ती फोटो उलटा करण्यापासून होते.

आमच्या गठ्ठ्यात एका मुलाचा फोटो होता. शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी, मागे रंगवलेला पडदा. आजोबांचे थोरले भाऊ असावेत, एवढंच सगळ्यांना माहीत. पाठीवर पेन्सिलीनं उर्दूत एक ओळ होती. आमच्या घरात आता उर्दू वाचणारं कोणी नाही. गावात सरफराज खानाच्या नावानं ओळखली जाणारी सतराव्या शतकातली दगडी मशीद आहे, तिच्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे फोटो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे तिरपा धरला आणि वाचलं: बोधन, 1352 फसली.

एवढ्या तीन शब्दांनी फोटो बोलू लागला. बिलोली 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. शाळा आणि कचेरीची भाषा उर्दू, आणि सरकारी कागदावर साल फसली. हैदराबादच्या फसली सालात 590 मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे हा फोटो 1942-43 चा. बोधन मांजरेच्या पलीकडे, आज तेलंगणात. तेव्हा मध्ये राज्याची सीमा नव्हती, नुसती नदी होती. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत अशा पाठी पडून आहेत, आणि त्या वाचू शकणारी माणसं दर वर्षी कमी होत आहेत. म्हणून पहिला नियम: फोटोची पाठ कोरी नसेल तर तीही स्कॅन करायची, आणि दोन्हींना एकच क्रमांक द्यायचा. आम्ही 47-अ म्हणजे पुढची बाजू आणि 47-ब म्हणजे पाठ, असं ठेवलं. स्वतः पाठीवर काही लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई मुरते.

दुसरं काम वडीलधाऱ्यांसमोर बसण्याचं. मी मावशीसमोर फोटो ठेवायचो आणि विचारायचो, "हे कोण?" ती बराच वेळ बघायची आणि म्हणायची, "न्हाई बा आठवत." मग प्रश्न बदलला. "मावशे, हा फोटो कुठं काढला? त्या दिवशी घरात काय होतं?" लगेच उत्तर आलं. "थोरल्या मामाचं लगीन. पाऊस झाल्ता, मांडव भिजला. ही बोधनच्या आत्याची जाऊ. कडंवर पोर होतं म्हणून उभी ऱ्हायली, बसली न्हाई." माणसाचं नाव थेट विचारलं तर अडतं. जागा विचारली, प्रसंग विचारला, की मागोमाग नावं येतात. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि बोलणाऱ्याला फोटोचा क्रमांक मोठ्यानं सांगत जा. नाहीतर नंतर ऐकताना कुठली गोष्ट कुठल्या फोटोची ते कळत नाही. आमच्या पुस्तकातल्या ओळी अशाच, मावशीच्या बोलीत छापल्या आहेत. त्या मी प्रमाण भाषेत आणायला गेलो होतो. दोन पानं केली आणि मावशीचा आवाज गेला, म्हणून परत होत्या तशा ठेवल्या.

आता स्कॅनिंग. जुन्या ब्रोमाइड प्रिंटवर काळ्या भागात निळसर चांदीसारखी झाक येते. कागदातली चांदी वर्षानुवर्षांच्या दमट हवेनं पृष्ठभागावर आलेली असते. मोबाइलनं फोटो काढला की ही झाक चमकते आणि चेहरे बुजतात. सपाट काचेच्या स्कॅनरवर हा त्रास बराच कमी होतो. कृष्णधवल फोटोही रंगीतमध्येच स्कॅन करा, डागाचा पिवळेपणा वेगळा काढता येतो. 600 डीपीआय ठेवा आणि फाइल टिफमध्ये साठवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. पान पिवळं पडलेलं असलं तरी फोटो आहे तिथेच ठेवून, ओसरीवर उन्हाआडच्या उजेडात, समोर काळं कापड धरून त्याचा फोटो घ्या. फाटलेला फोटो कुठल्याही तंत्रानं पहिल्यासारखा होत नाही.

छपाईचं एक साधं गणित आहे. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात. 4 बाय 6 इंचांचा जुना फोटो 600 ला स्कॅन केला की 2400 बाय 3600 पिक्सेल होतात, म्हणजे तो 8 बाय 12 इंचांपर्यंत निर्धास्त छापता येतो. मोबाइलच्या 12 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो 4000 बाय 3000 चा, तो 13 इंच रुंद छापला तरी चालतो. पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं आला असेल तर लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते, आणि मग सव्वापाच इंचांपुढे तो फुटतो. भाऊबंदांकडून फोटो मागवताना एवढंच सांगा: फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फोटोंचं पुस्तक आपल्या मुलखाला नवं नाही. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी हैदराबाद संस्थानातल्या इमारती, दरबार, शिकारी यांचे अल्बम केले, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्यातले फोटो छापलेले नसत. प्रत्येक प्रिंट वेगळी काढून जाड कागदावर हातानं डकवायची. फोटो छापखान्यात छापता येऊ लागला तो ठिपक्यांमुळे. घरात भिंग असेल तर कुठल्याही मासिकातला रंगीत फोटो त्याखाली धरा. गाल गुलाबी दिसत होता तिथे सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक अशा चार रंगांचे बारीक ठिपके दिसतील. गुलाबी रंग कुठेच नाही, तो आपल्या डोळ्यात जुळतो. ही गोष्ट एकदा स्वतः पाहिली की छपाईतल्या पुढच्या निम्म्या अडचणी समजतात.

तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओवाल्याला पुस्तक करायचं म्हटलं की तो करिझ्मा अल्बम समजतो. 12 बाय 36 इंचांच्या शीटवर फोटोशॉपमध्ये डिझाइन, हैदराबादच्या किंवा नांदेडच्या लॅबमध्ये प्रिंट, जाड पानं, जड पेटी. लग्नासाठी तो ठीक आहे. पण त्यात मजकुराला जागा नसते, आणि आम्हाला तर मजकूरच जपायचा होता. म्हणून पान लावायचं सॉफ्टवेअर हवं. पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीनं 1985 साली पेजमेकर आणलं आणि तिथून डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्द रुळला. आपल्याकडे त्याचं डीटीपी झालं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. त्याची जागा त्याआधी दोन वर्षं आलेल्या इनडिझाइननं घेतली. पैसे द्यायचे नसतील तर स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि त्याच्या आताच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात. या सॉफ्टवेअरमध्ये फोटो पानात कोंबला जात नाही, नुसता जोडलेला राहतो. त्यामुळे शंभर पानांची फाइलही हलकी राहते, आणि फोटो नंतर सुधारला तर जोडणी ताजी केली की पानावरही बदलतो. कोरल ड्रॉमध्ये पत्रिका सुरेख होते, पण शंभर पानांचं पुस्तक त्यात करायला घेऊ नका.

मराठी माणसाची खरी परीक्षा मजकूर टाकताना होते. मी पहिल्यांदा मुखपृष्ठावर गावाचं नाव टाइप केलं आणि "बिलोली"तली पहिली वेलांटी ब सोडून ल ला जाऊन चिकटली. इनडिझाइन देवनागरीला इंग्रजीसारखं एकामागे एक अक्षर ठेवत होतं. पहिली वेलांटी उच्चारात ब नंतर येते, पण कागदावर ब च्या आधी बसते, हे त्याला सांगावं लागतं. परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की वेलांटी जागेवर येते. बिलोली या नावात पहिली वेलांटी आहे आणि दुसरीही आहे, त्यामुळे तपासणीला याहून चांगला शब्द नाही. त्याच्या जोडीला "दऱ्या", "श्री", "ज्ञानेश्वर", "कुऱ्हाड" हे शब्द टाकून बघा. दऱ्यातला र डोक्यावर रफार होऊन बसला तर फाँट किंवा टायपिंग चुकलं आहे.

फाँटच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: युनिकोडच वापरा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांनी मराठी छपाईची मोठी सेवा केली आहे. पण त्यात इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. दहा वर्षांनी तुमच्या नातवानं ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली तर त्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. युनिकोडमधली मावशीची वाक्यं मात्र तेव्हाही वाचता येतील, शोधता येतील. एक टाइपच्या मंडळींनी घडवलेला मुक्त हा फाँट मोफत मिळतो आणि फोटोखालच्या ओळींना छान शोभतो. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल पडद्यासाठी आहे, पुस्तकात तो नको. आणखी एक: मजकुराची भाषा मराठी अशी नेमून द्या. काही फाँटांत त्यानं ल आणि श यांचे आपले आकार येतात, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात. आणि फोटोखालच्या ओळी दोन्हीकडून सरळ करू नका. लहान ओळीत शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळ्या ठेवा.

पुस्तकाचा आकार आवडीनं ठरवायचा नसतो, मशीनच्या कागदावरून ठरवायचा असतो. डिजिटल छपाईचा कागद साधारण 13 बाय 19 इंचांचा. शिलाईचं पुस्तक हवं असेल तर दोन पानं शेजारी शेजारी त्यात बसली पाहिजेत. आम्ही 9 बाय 9 इंच घेतला. दोन पानं 18 इंच, वर कापायला चारी बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड. चौकोनी पानात उभा आणि आडवा दोन्ही फोटो सारख्याच सुखानं बसतात. आमच्या गठ्ठ्यात दोन्ही निम्मे निम्मे होते. कडेला उरलेल्या पट्टीतून पोरांनी वाचनखुणा कापून घेतल्या.

पानं लावताना मी 170 पैकी 61 फोटो घेतले. हा सगळ्यात अवघड भाग. प्रत्येक काकाला वाटतं, माझा मुंजीचा फोटो हवाच. पण एका पानावर सहा फोटो लावले की त्यातला एकही बघितला जात नाही. उलटपक्षी बोधनच्या त्या मुलाचा फोटो आम्ही उजव्या पानावर एकटा ठेवला आणि समोरच्या डाव्या पानावर त्याची पाठ, खऱ्या आकारात, पेन्सिलीच्या अक्षरांसकट. येसगीच्या पुलावरून मांजरा दिसते तो फोटो दोन पानांवर पसरला. तसं करताना एक सांभाळा, पुस्तकाच्या मधल्या घडीत सेंटिमीटरभर चित्र गिळलं जातं. तिथे पाणी चालतं, माणसाचा चेहरा चालत नाही.

रंगात एक निराशा ठरलेली आहे, ती आधीच माहीत असू द्या. पडदा उजेडाचा असतो, कागद शाईचा. लग्नातल्या झेंडूचा पेटता केशरी, हिरव्या चुड्याचा चमकता रंग चार शायांत पूर्ण उतरत नाही, जरा मळकटतोच. पडद्याचा उजेड कमी करून काम करा आणि फोटो थोडे उजळ ठेवा, कारण छापल्यावर ते हमखास गडद होतात. जुने कृष्णधवल फोटो नुसत्या काळ्या शाईत छापले तर फिके, कोरडे दिसतात. चार रंगांत छापले तर खोली येते, पण मशीन जरा हललं की हिरवट किंवा जांभळट छटा चढते. आम्ही दोन्ही प्रकारे एकेक पान काढून ओसरीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवलं आणि चार रंगांचं घेतलं. हा निर्णय पडद्यावर होत नाही, त्यासाठी प्रूफ काढावंच लागतं.

छपाई नांदेडला केली, बिलोलीहून सत्तरेक किलोमीटर. ऑफसेट की डिजिटल हा प्रश्न प्रतींवर सुटतो. सोळा पानांचा फॉर्म, दोन बाजू, प्रत्येक बाजूला चार रंगांच्या चार प्लेटा. 96 पानांचे सहा फॉर्म म्हणजे पहिली प्रत निघण्याआधीच 48 प्लेटा. पाचशे प्रती असतील तर ते परवडतं. आम्हाला हव्या होत्या अकरा, म्हणून डिजिटल.

प्रेसवाले बहुधा म्हणतात, "कोरलची ओपन फाइल द्या, कर्व्ह करून द्या," म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं करून. तुम्ही पीडीएफ द्या, फाँट आत बसवून, ब्लीडसकट, सुटी पानं. पानं जोडायचं काम त्यांचं. एका ठिकाणी माझी पीडीएफ घेतली गेली, पण मुखपृष्ठ घाईनं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून हलवलं गेलं आणि बिलोलीची वेलांटी पुन्हा ल वर गेली. अकरा मुखपृष्ठं छापून झाली होती. ती परत छापावी लागली. तेव्हापासून सांगतो, छापायच्या आधी त्याच मशीनमधून निघालेलं, त्याच कागदावरचं एक प्रूफ हातात घ्या, मोठ्यानं वाचा आणि त्यावर सही करून द्या.

आणि बाइंडिंग. बहुतेक ठिकाणी परफेक्ट बाइंडिंग सुचवतात, म्हणजे पाठीला गरम गोंद. कादंबरीला ते चालतं. गुळगुळीत आर्ट पेपर गोंदाला नीट धरत नाही आणि पुस्तक सपाट उघडत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, पत्र्याच्या ट्रंकेत तर त्याहून जास्त. अशा उष्णतेत पाठीतला गोंद सैल पडतो. दोऱ्याची शिलाई घ्या. जुने बाइंडर तिला जुजबंदी म्हणतात. एकात एक चार कागद दुमडून सोळा पानांचा एक जुज, असे सहा. आमची शिलाई करणारे चाचा सत्तरीचे होते. त्यांनी पहिल्यांदा कागदाचा एक तुकडा मागितला, तो आडवा आणि उभा हलकेच वाकवून बघितला आणि म्हणाले, "ग्रेन पाठीशी समांतर हाय. पुस्तक झोपंल." ग्रेन म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. ती पाठीला आडवी असेल तर पानं ताठ उभी राहतात आणि घडीवर शाई तडकते. हे छापायच्या आधी तपासायचं असतं. पाठीची जाडीही आकडेमोड करून ठरवू नका. त्याच कागदाची कोरी डमी शिवून घ्या, मोजपट्टी लावा आणि मग मुखपृष्ठाची फाइल पूर्ण करा.

आमच्या पुस्तकाचा शेवटचा जुज आर्ट पेपरचा नाही, साध्या मॅपलिथोचा आहे, कारण त्यावर बॉलपेन चालतं. त्या सोळा पानांवर ज्यांची नावं लागली नाहीत असे फोटो लहान आकारात छापले आणि प्रत्येकाखाली दोन रेघा मोकळ्या सोडल्या. अकरा प्रती बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद, बोधन, पुणे अशा गेल्या. बोधनची प्रत दिवाळीत परत आली. तीन फोटोंखाली नावं लिहिलेली होती. दोन मराठीत, एक तेलुगूत.